चार बोटं आत

उद्या जगातल्या तमाम शिंप्यांनी बेमुदत संप पुकारला, तर ज्याच्या आयुष्यात काडीचाही फरक पडणार नाही असा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो माझा साडू आहे. गेली पस्तीस वर्षं त्यांनी शिंप्याच्या दुकानाची पायरी चढलेली नाही. स्वतःचे शर्ट, पँटी, लेंगे, बंड्या, आक्कांचे ब्लाउज-परकर, लेकीचे फ्रॉक, उशांचे अभ्रे, स्कूटरच्या सीटचं कव्हर, इतकंच काय, फ्रिजच्या मुठीला घालायची टोपीसुद्धा त्यांनी घरच्या मशीनवर शिवलेली आहे. आता हे मशीन खरं तर आमच्या सासऱ्यांनी थोरल्या लेकीला आंदण दिलेलं. पण आक्कांना, म्हणजे माझ्या बायकोच्या त्या थोरल्या बहिणीला, त्याच्यावर बसायचं भाग्य काही लाभलं नाही. "मशीन मला दिलं, पाय यांनी मारले," असं आक्का पाहुण्यांना सांगतात, आणि पाहुण्यांच्या अंगावरचा शर्ट कुणी शिवलाय, हे साडू तोवर कॉलर उलटी करून तपासत असतात.

शिंप्यांशी हे वैर लग्नातलं आहे. साडू सोयगावकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. इथं सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि लगोलग लग्न ठरलं. हौसेनं गावातल्या शिंप्याकडून पँट शिवून घेतली. कन्यादानाला पाटावर मांडी घालायला गेले आणि पँट मागून टर्रकन उसवली. पुढचा सगळा विधी नवरदेवानं उपरणं मागं धरून पार पाडला. सप्तपदीला भटजी "पुढं चला, पुढं चला" म्हणत होते आणि नवरदेव भिंतीला पाठ लावून आडवे चालत होते, असं माझी बायको आजही शपथेवर सांगते. ती तेव्हा आठ वर्षांची होती आणि करवली म्हणून नेमकी मागंच उभी होती. दुसऱ्या दिवशी देवदर्शनाला जायचं सोडून साडूंनी ब्लेड घेतलं आणि ती पँट शिवणीशिवणीनं उसवून पाहिली. "आत काय नव्हतं, साडूभाऊ," हे मला सांगताना त्यांचा आवाज अजून कापतो. "सुतभर कापड नव्हतं. माणूस कधी खाली बसंल, ह्याचा इचारच केला नव्हता त्यानं."

तेव्हापासून त्यांचा नियम असा, की कुठलाही कपडा शिवताना प्रत्येक शिवणीत चार बोटं जादा कापड आत सोडायचं. माणूस आज ना उद्या वाढतो, मग शिवण उसवायची आणि कपडा मोठा करायचा. तत्त्व म्हणून ह्यात वाईट काही नाही. पण सगळीकडून चार चार बोटं आत मुडपलेला शर्ट घातला, की अंगात गोधडी घातल्यासारखं होतं. दर दिवाळीला मला त्यांच्याकडून एक शर्ट येतो. तो घालून मी एकदा ऐन मे महिन्यात दौलताबादचा किल्ला चढलो होतो. वर पोचलो तेव्हा माझ्या बायकोनं मला ओळखायला थोडा वेळ घेतला.

कापड घ्यायचं तर औरंगपुऱ्याच्या बाजारात, आणि तेही कटपिसांच्या ढिगातून. आधी ते कापड गालाला लावतात, मग उजेडात धरतात, मग दुकानदाराचं लक्ष नाही असं बघून काठाचा एक धागा ओढतात आणि काडी ओढून तो जाळून बघतात. सुती असेल तर राख होते, भेसळ असेल तर गोळी होते. एकदा धाग्याबरोबर ढिगाचं टोकही धुमसलं. दुकानदार चाचा शांतपणे पाण्याचा तांब्या ओतत म्हणाले, "कपडा लेते के दुकान जलाते, इतना बोल दो भाई." साडूंनी तेच कापड घेतलं. राख झाली होती ना.

घरी आलेलं कापड आधी बादलीत बुडतं. पाण्यातून काढल्याशिवाय कात्री लावायची नाही, कारण नंतर आटलं तर दोष कापडाचा नसतो, घाई करणाऱ्याचा असतो. हा नियम इतका कडक, की माझ्या लग्नात सासऱ्यांनी दिलेला सुटाचा भारीतला कपडाही त्यांनी रात्रभर भिजवला. सकाळी तो दोरीवर गोणपाटासारखा लोंबत होता. त्यातून शेवटी एक जाकीट निघालं. मला वाईट वाटू नये म्हणून साडूंनी त्याला सहा खिसे लावले.

मापं ते चारचौघांत घेतात. सण असो की बारसं, टेप गळ्यात असतोच. "पोट, बेचाळीस. लिव गं," असं ते स्वयंपाकघरातल्या आक्कांना ऐकू जाईल अशा बेतानं ओरडतात, म्हणजे ते गल्लीतही ऐकू जातं. मग जुन्या वर्तमानपत्रावर खाका काढून कापतात आणि त्याच्यावर नाव घालून पत्र्याच्या पेटीत ठेवतात. त्या पेटीत आमचं अख्खं खानदान घडी घालून ठेवलेलं आहे. माझी पाठ कांद्याच्या भावाच्या बातमीवर आहे. बायकोची बाही राशिभविष्यावर आहे. सासरे जाऊन आता बारा वर्षं झाली, पण त्यांचा पिवळा पडलेला कागद साडूंनी काढलेला नाही. "असू दे," म्हणतात, "पेटीत जागा हाय."

ह्या सगळ्या कारभाराला जर कुणी खरोखर कंटाळलं असेल, तर ती त्यांची एकुलती एक लेक, पल्लवी. पाचवीत शिवलेला शाळेचा निळा ड्रेस तिनं दहावीपर्यंत घातला. दर जूनला साडू खालची पट्टी बोटभर उसवायचे. वरचा निळा उन्हानं विटलेला आणि उसवलेला नवाकोरा, त्यामुळं दहावीपर्यंत ड्रेसला पाच पट्टे पडले, आणि पोरी तिला पट्टे मोजून इयत्ता विचारायच्या. नोकरीला पुण्याला गेली तेव्हा बॅगेत पप्पांनी शिवलेला एकही कपडा नव्हता. पण लेकीनं निदान लग्नात तरी आपल्या हातचं काहीतरी अंगावर घालावं, एवढी एक इच्छा त्यांनी मनात धरली होती. मला माहीत होतं, आक्कांना माहीत होतं, आणि माझा अंदाज, की पल्लवीलाही माहीत होतं.

लग्न ठरलं आणि पल्लवीनं फोनवर सांगितलं, "ब्लाउज मी इथंच टाकलाय शिवायला." साडू "बरं हाय," म्हणाले आणि मशीनवर कव्हर घातलं. चार दिवसांनी आक्कांचा मला फोन. "तुमच्या साडूला बघून जा हो. मी मशीनवर पापड वाळू घातले, तरी माणूस बोलला नाय."

मी गेलो तर पापड हलवलेले आणि मशीन सुरू. लग्नाच्या शालूच्या पदराचं एक सूत खिशात घेऊन साडू अख्खा औरंगपुरा फिरले होते आणि हुबेहूब तसल्या वांगी रंगाचं कापड त्यांनी पैदा केलं होतं. ब्लाउज लेकीला नकळत द्यायचा होता, त्यामुळं माप मागायची सोय नव्हती. पेटीत तिचा बारावीचा कागद होता. त्याच्यावर त्यांनी वर्षाला अर्धं बोट असा हिशेब धरला, पुण्याच्या मेसच्या जेवणाचं एक बोट वेगळं धरलं, आणि नियमाप्रमाणं चार बोटं आत सोडली. पल्लवी पुण्यात उपाशी राहून वाळली होती, हे त्यांच्या हिशेबात कुठंच नव्हतं.

हळदीच्या दिवशी बायकांच्या खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो ब्लाउज पुढं केला. पल्लवीनं घालून बघितला. तो खांद्यावरून घसरून कोपराला आला. "पप्पा, ह्यात दोघी बसतील की," ती म्हणाली आणि खोली हसून लोटपोट झाली. सगळ्यांत मोठ्यानं साडू हसले. मग त्यांनी ब्लाउजची घडी घातली, पुन्हा कागदात गुंडाळला आणि लग्नाचं जेवण होईपर्यंत तो काखेत धरून फिरत राहिले. लेक पुण्याच्या ब्लाउजमध्ये फार सुरेख दिसली. साडूही तसंच म्हणाले. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात पल्लवी सातव्या महिन्यात माहेरी आली. डोहाळजेवणाला तोच शालू नेसायचा ठरला. बैठकीत बायका ओट्या घेऊन बसलेल्या, फुलांचा साज तयार, आणि आतल्या खोलीत पुण्याच्या ब्लाउजचे हुक काही केल्या लागेनात. माझ्या बायकोनं शिवण उसवायला घेतली, तर आत उसवण्यासारखं काही नव्हतंच. सुतभर कापड नव्हतं. पल्लवी खाटेवर बसून राहिली, डोळे भरलेले. मग म्हणाली, "पप्पांना बोलवा."

साडू दाराशी येऊन थांबले, शेजारी मी. "पप्पा, तो तुमचा ब्लाउज कुठंय?"

"हाय की," असं म्हणून ते पेटीकडं गेले आणि तोच कागद घेऊन आले. अंगावर घातला तर चक्क एका बाजूनं घट्ट. साडूंच्या चेहऱ्यावर असं समाधान मी त्यांच्या निवृत्तीलाही पाहिलं नव्हतं. ब्लेडनं त्यांनी शिवण उसवली, आतलं कापड मोकळं केलं, आणि सुईत दोरा ओवायला बसले. दोरा काही जाईना. एकदा, दोनदा, पाचदा. पल्लवीनं सुई घेतली, दोरा ओवला आणि परत त्यांच्या हातात दिली. दहा मिनिटांत काम झालं. हुक लागले. "बसलो की पप्पा आम्ही दोघं," ती म्हणाली. साडू टाके निरखत राहिले आणि म्हणाले, "अजून दोन बोटं हायत आत. घाबरू नको."

नात झाली. बाळ-बाळंतीण माहेरीच होती, म्हणून एका रविवारी मी बघायला गेलो. साडू आक्कांच्या जुन्या मऊ पातळाचं झबलं शिवत होते. तान्ह्या लेकराच्या झबल्याची शिवण बाहेरून ठेवतात, म्हणजे आतून टोचत नाही. मी सवयीनं त्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि चकित झालो. चार बोटं राहू द्या, नखभरही जादा कापड नव्हतं.

"साडूभाऊ, चार बोटं विसरलात का?"

त्यांनी पाय थांबवला. पलीकडच्या खोलीत पल्लवी नवऱ्याशी फोनवर बोलत होती, पुढच्या महिन्यात पुण्याला न्यायला कधी येताय म्हणून. साडू हळूच म्हणाले, "नाय इसरलो. चार बोटं सोडली तर हेच झबलं वर्षभर पुरंल. मग माप द्यायला कशाला कोण येतंय?"

मग त्यांनी त्या झबल्याचा कागद घेतला, माझ्या तळहातापेक्षा थोडा मोठा असेल, त्याच्यावर 'नात' असं लिहिलं आणि पेटीत सासऱ्यांच्या पिवळ्या कागदावर ठेवला.

गेल्या दिवाळीचा त्यांचा निळा शर्ट मला अजूनही चांगला ढगळ होतो. तरी मी म्हणालो, "साडूभाऊ, तो निळा शर्ट काखेत जरा धरतो हो. पुढच्या रविवारी आणू का?"

त्यांनी चष्मा वर सरकवला, माझ्या पोटाकडं नीट पाहिलं आणि आक्कांना हाक मारली, "टेप आण गं. आन् लिवायला बस."