मागचा बाण

आता आजी झाले, लाजायचं वय सरलं, म्हणून लिहिते. नाहीतर तेव्हा माझ्याएवढी लाजाळू आणि माझ्याएवढी बावळट बाई अख्ख्या बल्लारपुरात नसेल.

लेक दहावीत होती. दिवाळीला तिच्या मामानं टीव्हीला जोडायचा नाचाचा खेळ आणला. प्लास्टिकच्या दोन चटया, प्रत्येकीवर चार बाण: पुढे, मागे, डावा, उजवा. पडद्यावर बाण खालून वर चढायचे आणि गाण्याच्या ठोक्याला तोच बाण पायानं दाबायचा. एक चटई लेकीनं माझ्यासाठी अंथरली.

"आई, ये ना व. दोघी खेळू."

"मी का लहान लेकरू आहो?" म्हणत मी भाजी चिरायला बसले. नाक एवढं वर, की विळी दिसेना.

पाय मात्र शिवशिवत होते. पण लेकीसमोर चुकायचं? छे! ठरवलं, आधी गुपचूप शिकायचं, मग तिच्या बाजूला उभं राहून तिला चाट पाडायचं. दहावीनंतर ती नागपूरच्या वसतिगृहात जाणार होती. तोवर काय, सहज शिकू!

ती शाळेत, तिचे बाबा पेपर मिलमध्ये. मी दार लावून, पदर खोचून चटईवर. तेही लेकीच्याच. माझी घडी घालून ठेवलेली; वापरली तर घडी मोडलेली दिसेल ना! केवढी ती अक्कल.

पहिल्याच गाण्यात मी मागच्या दिवाणावर जाऊन पडले. दुसऱ्यातही. चामोर्शीकडच्या धानाच्या बांधीत वाढलेली मी. रोवणीत बाई वाकून रोप लावते आणि मागे मागे सरकते. ठोका पडला की माझा पाय आपोआप मागे. पडद्यावर बाण डावा, बाईसाहेब मागे!

"आई, आज तरी?" लेक विचारायची.

"रविवारी पाहू."

पुढे तिनं विचारणं सोडलं. परीक्षा जवळ आली तसा तिचा खेळही सुटला. परीक्षा झाल्यावर ती मामाकडे राहायला गेली. मी मात्र सोडलं नाही. शेवटी चटईमागे खडूनं रेघ मारली. टाच रेघेला लागली की पुढे यायचं. मग एक अख्खं गाणं न चुकता जमलं. टीव्हीतल्या टाळ्या ऐकून मीच लाजले.

ती नागपूरला निघाली त्या सकाळी, पेटी भरून झाल्यावर, मी म्हटलं, "चाल, एक डाव."

तिचा चेहरा असा उजळला! दोन्ही चटया अंथरल्या. गाणं सुरू झालं आणि ती थांबली.

"आई, माह्या चटईचा मागचा बाण दबतच नाई."

मी पाहिलं. चारांतला तोच तेवढा झिजून पांढरा पडला होता.

"उंदरानं वायर कुरतडली असन," मी म्हटलं. "तू माह्या चटईवर खेळ. मी पाहतो."

ती एकटीच नाचली. मी टाळ्या वाजवल्या. गाडीची वेळ झाली.

परवा फोनवर तिला खरं सांगितलं. आधी खूप हसली. मग म्हणाली, "तुले येत नाई म्हणूनच तं बलावत होतो व. दोघी मिळून पडलो असतो."

मी म्हटलं, तो उंदीर मेला आता.