आपसूक बरा झालेला हात

गोव्यातल्या राजभाषेच्या वादात आम्ही दोघे भाऊ दोन बाजूंना गेलो. मी पेडण्यात मराठी शाळेचा मास्तर, तर थोरला दादा कोकणीच्या सभांतून बोलणारा. एकदा जेवताना मी त्याला घरभेदी म्हणालो. तो भरल्या ताटावरून उठला. त्या दिवसापासून एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहूनही आमचं बोलणं बंद झालं. गंमत म्हणजे भांडलो ते घरच्या एकाच बोलीत.

पुढे माझा उजवा हात वर जाईनासा झाला. फळ्याच्या वरच्या भागात लिहिता येईना. चवथीला गणपतीवर टांगायची माटोळी दरवर्षी मी स्टुलावर चढून बांधायचो आणि दादा खालून सुपारीचे घोस, रानफळं हातात द्यायचा. त्या वर्षी त्याने एकट्यानेच बांधली. मी शहाणा, खोलीत बसून राहिलो.

म्हापशाच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. हाडात काही नाही म्हणाले; मनावरचा ताण अंगात जाऊन बसतो, तुम्ही खांदा सारखा आवळून का धरता, असं त्यांनी विचारलं. मला रागच आला. मी हात दाखवायला गेलो होतो.

केरीच्या एका निवृत्त मास्तरांनी मला रोज सकाळी डोळे मिटून श्वासाकडे बघत बसायला शिकवलं. सुरुवातीला श्वास कुठला, मी दादाला द्यायची उत्तरंच जुळवत बसायचो. मग एका सकाळी भिंतीपलीकडे दादा खोकला आणि माझा खांदा कानाशी चढलेला मला कळला. मी श्वास सावकाश सोडला. खांदा खाली आला. असं रोज करता करता काही महिन्यांनी मी पुन्हा फळ्याच्या वरच्या टोकापासून लिहू लागलो.

गोवा राज्य झालं त्या दिवसांत दादा मला विहिरीवर दिसला. चेहरा ओढलेला, हात छातीवर.

"तुजो हात बरो जालो मरे?" त्याने विचारलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच.

"जालो."

"कसो?"

"आपसूक," म्हणालो आणि घागर उचलून चालू लागलो. आधी त्याने माफी मागावी, अशी माझी घमेंड.

पंधरा दिवसांत दादा गेला. हृदय बंद पडलं.

पुढच्या चवथीला माटोळी बांधायला मीच चढलो. खालून द्यायला कोणी नव्हतं, म्हणून प्रत्येक घोसासाठी उतरत होतो. दारात बसलेल्या वहिनीने तेव्हा सांगितलं, की दादाला कित्येक दिवस झोप नव्हती, छातीत दडपायचं. मी डोळे मिटून बसतो ते त्याने खिडकीतून पाहिलं होतं. मला विचारायला म्हणूनच तो त्या दिवशी विहिरीवर आला होता. एरवी पाणी वहिनीच भरायची.

ध्यानाने तो वाचला असता की नाही, मला ठाऊक नाही. पण त्याने विचारलं होतं, आणि मी खोटं बोललो होतो.

हातातला घोस बांधायचा राहिला होता. हात सहज वर गेला. कुठेच दुखलं नाही.