कुऱ्हाडीला मलमपट्टी

जालन्याला उतरलो तेव्हा पिशवीत मामांसाठी चिवडा होता आणि माझ्याकडे भाषांतराला आलेलं एक जाडजूड पुस्तक. विषय, चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपातली शस्त्रक्रिया. तिथे न्हावीच सर्जन. सकाळी दाढी, दुपारी तंगडी. गोळीच्या जखमेत उकळतं तेल ओतायचे, आणि रोगी चुकून वाचलाच तर श्रेय तेलाला. केदारखेड्याच्या जीपमध्ये मी एकटाच वाचून हसत होतो. शेजारच्या बाई जरा सरकून बसल्या.

दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. मामांच्या अंगणात पोचलो आणि हसू आटलं. मेंढरांसाठी बाभळीच्या फांद्या तोडताना सकाळीच कुऱ्हाड त्यांच्या नडगीला लागली होती. शेजारचा देवबा डागणी (तापल्या लोखंडाचा चटका) द्यायला चुलीत विळा तापवत होता. वाटीत हळद, तंबाखू, राख आणि गाडीचं वंगण कालवलेला लेप तयार होता.

मामांना साखरेचा आजार. त्यांच्या थोरल्या भावाचा पाय अशाच चिघळलेल्या जखमेपायी गेला होता. त्यावरून मामांनी एवढाच धडा घेतला होता, की दवाखान्यात पाय कापतात. मी मनातून पार घाबरलो.

"मेंढरू डागलं की चरायला लागतं," मामा म्हणाले. "मला काय होतंय?"

देवबाने मान डोलावली. त्याने बऱ्या केलेल्या मेंढ्या गावाला ठाऊक होत्या. मेलेल्या तक्रार करायला येत नाहीत.

समजावण्यात अर्थ नव्हता. मग पुस्तक आठवलं. "मामा, विलायतेतले मोठे वैद्य लेप जखमेला लावत नसत. ज्या हत्याराने कापलं, त्याला लावत. जखम नुसती धुऊन स्वच्छ फडक्यात बांधत."

हे खरोखर पुस्तकात आहे. त्यांचे रोगी बरेही होत, कारण लेप त्यांच्यापासून लांब राही.

मामांनी विचार केला. "बराबर हाय. गुन्हा कुऱ्हाडीचा, अन् आपन पायाला डागून राह्यलो."

धनुर्वाताचं इंजेक्शनही त्यातच लिहिलंय, असं मी ठोकून दिलं.

देवबाने मन लावून कुऱ्हाड माखली. मी साबणाने पाय धुतला. येसराच्या (भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसालेदार पिठाच्या) आमटीत भाकरी कुस्करून घाईने खाल्ली आणि आम्ही भोकरदनला निघालो. कुऱ्हाड मामांच्या मांडीवर होती. डॉक्टरांनी टाके घातले. जखमेत घाण गेली नाही हे नशीब, म्हणाले. मामांनी कृतज्ञतेने कुऱ्हाडीकडे पाहिलं.

टाके निघेपर्यंत राहून मी घरी परतलो. पिशवी रिकामी करतोय तोच मामांचा फोन आला. पाय उत्तम होता, अडचण वेगळीच होती.

"देवबाला इंचू चावला. दवाखान्यात चल म्हन्लं तर येत न्हाई. वाटी घिऊन इंचू हुडकून राह्यलाय, लेप लावायला."

मी पिशवी तशीच खाली ठेवली. "त्याला सांगा, पुस्तकात लिहिलंय. विंचू पळाला तर शोधत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा."

"पुस्तकात हाय ना? मंग निघतो जल्दी."

देवबा वाचला. मूळ पुस्तकात विंचवाबद्दल अक्षरही नाही. मराठीत मात्र असणार आहे.