शेवटच्या खुर्चीवरची संघप्रिया

ऐरोलीच्या एका सेक्टरातल्या समाजमंदिराच्या व्हरांड्यात रविवारी सकाळी काही मोठी माणसं खुर्च्या ओढत बसतात. नवख्याला वाटावं, ही सोसायटीची मीटिंग आहे आणि आता भांडण होणार. भांडण होतंच, पण ते पाण्यावरून किंवा पार्किंगवरून नसतं. या मंडळींच्या हातात ब्रिक गेम असतो. हो, तोच. आपल्या लहानपणी जत्रेत मिळायचा, वरून ठोकळे पडायचे आणि ओळ भरली की पुसली जायची, तो. घरोघरच्या माळ्यांवरून मंडळाने असे जुने गेम गोळा केलेत आणि सेलच्या जागेतले गंजलेले पत्रे घासून ते चालू केलेत. त्या पडद्यांना आतून उजेड नाही, म्हणून खेळ उन्हात चालतो. ऊन सरकलं की सगळं मंडळ खुर्च्यांसकट सरकतं. सेक्टरातल्या टवाळखोरांनी त्यांना 'ऊनमंडळ' म्हणायला सुरुवात केली, तर यांनी तेच नाव लावून घेतलं.

संघप्रिया तांबे या मंडळाच्या अगदी सुरुवातीच्या लोकांतली. माहेर-सासर दोन्ही महाडकडचं, पण वाढली तुर्भ्याच्या वस्तीत. आता ऐरोलीतच एका कंपनीच्या बॅक ऑफिसात विम्याचे दावे तपासते. दुसऱ्याच्या कामात खोट कुठे आहे हे तिला पटकन दिसतं, आणि दिसलं की तिला गप्प बसवत नाही. मंडळातही तेच. कुणी ठोकळा चुकीचा टाकला की हिची जीभ सुटलीच. सुधीर बाबर हा मंडळाचा कप्तान, बँकेत नोकरीला, साताऱ्याकडचा, आवाजाने मोठा. त्याच्याशी तर तिचं दर रविवारी वाजायचं. तो हिला हावरट म्हणायचा, ही त्याला घाबरट. तिचा नवरा अंकुश विचारायचा, तुमी तिकडे खेळायला जाता की कोर्टात?

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. पाय परत आला, बोलणं परत आलं, कामही परत मिळालं. डावा हात मात्र मांडीवर ठेवला तर ठेवल्या जागीच राहायचा. बोटं थोडी हलायची, पण बटण दाबण्याइतका जोर त्यांत उरला नव्हता.

आणि सगळं जग तिच्याशी गोड वागायला लागलं. कप उचलला, छान. जिना चढली, वा, छान. ऑफिसात तिने एक दावा चुकीचा पास केला तर साहेब म्हणाले, होतं असं, तुम्ही टेन्शन घेऊ नका. अंकुश तर भाजीत मीठ नसलं तरी छान म्हणायचा आणि मुकाट्याने दुसरी पोळी घ्यायचा. माणूस भला आहे, त्याच्या भलेपणाबद्दल शंका नाही. पण पंचेचाळिशीतल्या बाईला दिवसभर बालवाडीत बसवलं तर तिने करायचं काय?

तरी मंडळात तसं होणार नाही अशी तिची खात्री होती. बरी झाल्यावर पहिल्यांदा गेली, एका हाताने खेळायचा प्रयत्न केला आणि बघता बघता ठोकळे पडद्याच्या छपराला टेकून डाव संपला. एरवी यावर सुधीरने व्हरांडा डोक्यावर घेतला असता. त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुधीरनेही. वर म्हणाला, छान होतं. घरी येऊन ती मोरीत जाऊन रडली. झटक्याने जेवढं लागलं नव्हतं तेवढं तिला त्या टाळ्यांनी लागलं होतं.

याच सुमारास उरणच्या मंडळाशी सामना ठरला. उरणलाही असंच एक मंडळ आहे. कंटेनर यार्डातली, गोदामांतली माणसं, आणि त्यांची पुढारी बयाबाई घरत, साठी उलटलेली. ती सुकी मासळी विकायची तेव्हा गिऱ्हाईक नसेल त्या वेळात ब्रिक गेम खेळून खेळून तरबेज झालेली. दोन्ही मंडळांत सामन्याची रीत एकच: पाच जण, एक गेम. खुर्च्या ओळीत. पहिल्याने दहा ओळी पुसल्या की गेम दुसऱ्याच्या हातात, मग तिसऱ्याच्या. पॉज दाबायचा नाही. गेम एका हातातून दुसऱ्या हातात जात असतानाही ठोकळे पडतच राहतात. ज्याचा डाव आहे त्याच्या गेमला दुसऱ्या कुणाचा हात लागला की डाव तिथेच संपला. शेवटच्या खुर्चीवरचा आउट होईपर्यंत खेळतो. तोवर वेग इतका वाढलेला असतो की डोळ्यांना पाणी सुटतं. ती खुर्ची अर्थातच सुधीरची होती.

संघप्रियासाठी मंडळाने काय ठरवलं होतं? तर तिने गुण लिहायचे. नमिताने, मंडळातल्या तिच्या जुन्या मैत्रिणीने, हे फार हळुवारपणे सांगितलं. संघप्रियाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, मी खेळणार. मग मंडळाने आणखी उदार होऊन तिला पहिली खुर्ची देऊ केली. सुरुवातीला वेग कमी असतो, कशाबशा दहा ओळी कर आणि दे पुढे, आमी सांभाळून घेऊ.

"एका हाताने खेळता खेळता गेम पुढे देणार कसा?" ती म्हणाली. "एका हाताने तो पुढे धरायचा आणि समोरचा घेईपर्यंत दुसऱ्याने ठोकळे सांभाळायचे, म्हणजे द्यायला दोन हात लागतात. घेता मात्र एका हाताने येतो. म्हणजे मला एकच खुर्ची चालते. जिथून पुढे कुणाला द्यायचं नसतं ती."

सुधीर खुर्चीच्या हाताशी चाळा करत राहिला. बाई वेडी झाली असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं, पण आजारी माणसाला तसं म्हणायचं कसं, या अडचणीत तो सापडला. शेवटी म्हणाला, बघू. सामन्याआधीच्या रविवारी माझ्या खुर्चीवरच्या वेगाला टिकून दाखव. नाही टिकलीस तर गुण लिहायचे.

निदान त्याने अट तरी घातली, याचंच तिला बरं वाटलं.

मग ती मागे लागली. हाताच्या नव्हे, खेळाच्या. फिजिओने दिलेला स्पंजचा चेंडू सकाळी दाबायची तेवढा दाबायची, पण बाकीचा वेळ ब्रिक गेम. गेम दोन गुडघ्यांच्या मध्ये घट्ट धरायचा. उजवा हात वरून असा आडवा ठेवायचा की अंगठा डावीकडच्या बाणांवर येईल आणि मधलं बोट उजवीकडच्या ठोकळा फिरवायच्या मोठ्या बटणावर. सांगायला सोपं आहे, कुणी करून बघावं. अंगठ्याला डावीकडून उजवीकडे उडी मारावी लागायची आणि तेवढ्यात ठोकळा भलतीकडे बसलेला असायचा. मांड्यांना वळ उठले. अंगठ्याला घट्टा पडला. अंकुश म्हणाला, छान जमतंय की. तिने मान वर न करता त्याला सांगितलं, "अहो, तुमी छान म्हणू नका. जिथे चुकते तिथे चुकली म्हणा."

बिचारा समोर स्टुलावर बसून चुका शोधायला शिकला. आधी चाचरत सांगायचा. मग हळूहळू त्याला त्यात रस यायला लागला, आणि एकदा तर चिडून म्हणाला, अगं, डोळे कुठे होते तुझे? म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. ती मात्र खुदकन हसली आणि पुढचा डाव लावला.

ठरलेल्या रविवारी ती सुधीरच्या वेगाला टिकली. फार वेळ नाही, पण टिकली. सुधीरने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा आपल्या खुर्चीकडे बघितलं, आणि स्वतःची पिशवी उचलून चौथ्या खुर्चीवर नेऊन ठेवली.

सामन्याला उरणची मंडळी आली ती सोबत बोंबलाची चटणी घेऊन. आधी ते खेळले. बयाबाई शेवटच्या खुर्चीवर. चष्मा नाकाच्या टोकावर, चेहरा असा की मासळी विकतेय. तिने आकडा इतका वर नेऊन ठेवला की नमिताने फळ्यावर तो लिहिताना दोनदा विचारून घेतला.

मग ऊनमंडळ बसलं. पहिले तिघं चांगले खेळले. सुधीर तर झकास खेळला. त्याच्या दहा ओळी झाल्या आणि त्याने गेम उजवीकडे सरकवला. संघप्रियाने तो उजव्या हाताने घेतला आणि गुडघ्यांत रोवला. तेवढ्या वेळात एक ठोकळा आपोआप कुठेतरी पडला. तो पडणारच, हे तिने धरलेलं होतं. मग तिचा अंगठा चालायला लागला. डावीकडे, उजवीकडे, फिरव, सोड. ओळी पुसल्या जाऊ लागल्या. उरणची माणसं खुर्च्या सोडून मागे येऊन उभी राहिली.

आकडा चढत उरणच्या जवळ आला, आणि त्याच वेळी गुडघ्यांतला गेम घसरला. पडला नाही, पण तिरपा झाला. शेजारून सुधीरचा हात आपसूक पुढे आला.

"हात लावू नकोस," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "मी अजून आउट नाय झालेली."

"लावलास तं डाव संपला बाबा," मागून बयाबाई म्हणाली. "कोन बी असो, नेम तो नेम हाय."

सुधीरने हात मागे घेतला. संघप्रियाने आपला निर्जीव डावा हात उजव्याने उचलून गेमच्या कडेला टेकू म्हणून ठेवला आणि पुन्हा खेळायला लागली. त्या गडबडीत एक ठोकळा वाया गेला, तरी तिने ढीग खाली आणला. आता तिने डाव्या कडेची एक उभी गल्ली मोकळी ठेवली. चार घरांची लांब पट्टी आली की ती गल्लीत सोडायची, चार ओळी एकदम साफ, आणि उरणचा आकडा मागे. सुधीरचा नियम तिला पाठ होता: वेग वाढला की पट्टीची वाट बघायची नाही, येईल तो ठोकळा टाकून मोकळं व्हायचं. चौकोन आला. गल्लीच्या तोंडावर टाकला असता तर वरची एखादी ओळ पुसून डाव लांबला असता. तिने तो दुसरीकडे टाकला. आणखी एक चौकोन आला. तोही तिने दुसरीकडे टाकला. ढीग वर आला, आणखी वर आला, आणि छपराला टेकला. पडद्याच्या कोपऱ्यात पुढचा ठोकळा दिसतो, तिथे पट्टी उभी होती.

ऊनमंडळ हरलं, अगदी थोडक्यात.

आणि मग तेच सुरू झालं. टाळ्या. नमिताने तिच्या खांद्याभोवती हात टाकला. कुणी म्हणालं, या हाताने एवढं खेळायचं म्हणजे खायचं काम नाही. कुणी म्हणालं, गेम घसरला नसता तर जिंकलोच होतो. छान खेळलीस, फारच छान. संघप्रिया गुडघ्यांतल्या गेमकडे बघत बसून राहिली. हरल्याचं दुःख होतंच, पण हे ऐकून ती पार खचली. इतकं करून शेवटी ती आजारीच राहिली.

"छान काय छान?" सुधीर एकदम ओरडला. तो उभा राहिला होता आणि त्याचा चेहरा लाल झाला होता. "दोन चौकोन आले समोरून, दोन! आणि ही बाई पट्टीची वाट बघत बसली. त्यात हाताचा काय संबंध? शंभरदा सांगितलंय हिला. हावरटपणा नडला, दुसरं काही नाही."

नमिता त्याला गप्प करायला धावली. अरे, तिला कशाला बोलतोस, असं काहीतरी पुटपुटली.

"बोलू दे त्याला," संघप्रिया म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसलेही नाहीत. इतका आनंद तिला दवाखान्यातून घरी आली तेव्हाही झाला नव्हता. "तू असतास तर पहिल्याच चौकोनाला घाबरून गल्ली बुजवली असतीस. मग काय, जिंकलो असतो?"

"हो, जिंकलो असतो."

"कसे? दाखव."

"दाखवतो ना," सुधीर म्हणाला, आणि तिच्याकडून गेम हिसकावून घेऊन तिच्या शेजारच्या खुर्चीत आदळला. "आणि नीट बघ. पुढच्या वेळी त्या खुर्चीवर बसून हाच प्रकार केलास तर याद राख."