निळ्या गेटमागची सातवी मुलगी

गेली अकरा वर्षं मी नागपुरात मुलांसाठी काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत आहे. फसवून आणलेली, कोंडून कामाला जुंपलेली मुलं सोडवायची आणि त्यांना घरी पोचवायचं, हे आमचं काम. यात जिवंत माणसंच इतकी भयंकर भेटतात की भुताखेतांसाठी मनात जागा उरत नाही. एकदा वसतिगृहाच्या वॉर्डनबाईंनी मुलींना "झोपा, नाहीतर हडळ येईल" म्हटलं, तेव्हा मी त्यांना सगळ्यांसमोर झापलं होतं. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. म्हणा. काही दिवस मीही तेच म्हणत होते.

मुलींची नावं देता येत नाहीत, जागेचीही ओळख पटेल असं लिहिणार नाही. एवढंच सांगते की जागा नागपूरलगतच्या हिंगण्याची होती आणि महिना मे.

दुपारी एकच्या सुमाराला मनीषनगरच्या आमच्या ऑफिसात मी आणि प्रमोदभाऊ दोघंच होतो. प्रमोदभाऊ आमचे फील्डवर्कर, नरखेडकडचे. माझं माहेरही तिकडचंच, म्हणून आमचं चांगलं जमतं. मी डबा उघडला होता. तेवढ्यात टेबलावरचा माझा मोबाइल वाजला आणि मी उचलला.

"मावशी..." लहान मुलीचा दबका आवाज. आठ-नऊ वर्षांची असावी. "मावशी, इथं लेकरू कोंडून ठेवलं हाये वं."

"कोण बोलतंय बेटा? कुठून?"

"हिंगण्याले. निळं गेट हाये, बाजूले पान्याची टाकी. चिवड्याचा वास येते. तिले पानी नाही देऊन राहिले."

आमच्या माहेरची बोली. अगदी तीच. मी पेन घेतलं आणि आपोआप तिच्याच भाषेत विचारलं, "नाव काय वं तुझं? तू काहून लपून बोलून राहिली?"

तिनं नाव सांगितलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता... जड, जवळून, तोंड फोनला चिकटवल्यासारखा. मग ती म्हणाली, "मोटर चालू रायते, म्हनून कोनालेच आयकू नाही येत. आजच ये. उद्या नको येऊ."

फोन बंद झाला. मी मान वर केली, तर प्रमोदभाऊ हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत होते.

"ताई, कोनाशी बोलून राहिल्या होत्या?"

"आता फोन आला ना..."

"फोन वाजला नाही ताई." त्यांनी घास डब्यात ठेवला. "तुमी नुसताच उचलला अन् कानाले लावला."

मी हसण्याचा प्रयत्न केला. कॉल लिस्ट उघडली. शेवटचा कॉल सकाळी सव्वादहाचा, माझ्या नवऱ्याचा. त्यानंतर काहीच नाही. माझे हात थंड पडले. मेमध्ये, नागपुरात, भरदुपारी.

खरं सांगते, मला तो विषय तिथंच सोडून द्यायचा होता. उन्हाचा त्रास झाला असेल, झोप कमी झाली असेल. पण "उद्या नको येऊ" हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. प्रमोदभाऊ उठले आणि म्हणाले, "पाहून तर येऊ ताई. नसलं तर वापस."

त्यांच्या मोटरसायकलवर आम्ही पाऊण तास हिंगण्याच्या गल्ल्यांतून फिरलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एका वळणावर तळलेल्या शेवेचा वास आला, आणि पुढं निळं गेट दिसलं. शेजारी पाण्याची टाकी. प्रमोदभाऊंनी गाडी थांबवली. ते गेट तिथं नसावं, अशी मी वाटभर प्रार्थना करत आले होते, हे मला तेव्हा कळलं.

मी ओळखीच्या पीएसआय मॅडमना फोन लावला. अनेक कारवायांत आम्ही एकत्र होतो. त्यांनी जास्त विचारलं नाही. कामगार खात्याच्या माणसाला आणि दोन शिपायांना घेऊन त्या साडेतीनपर्यंत पोचल्या.

आत फरसाण पॅकिंगचा कारखाना होता. पत्र्याचं शेड, भट्टीची धग, आणि भिंतीतल्या मोठ्या पंख्याची मोटर इतकी घरघरत होती की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. जमिनीवर सहा मुली पाकिटं भरत बसल्या होत्या. दहा ते चौदा वर्षांच्या. बोटं मिठा-तिखटानं फाटलेली. दुसऱ्या राज्यातल्या होत्या. शाळेत घालतो म्हणून एका माणसानं आणल्या होत्या. मराठी एकीलाही येत नव्हती, हिंदी मोडकीतोडकी. सुपरवायझर पुन्हा पुन्हा सांगत होता, "मॅडम, इतनीच है, नातेवाईक है हमारी."

आम्ही शेड पाहिलं, संडास पाहिला, माळा पाहिला. सहाच. पंचनामा सुरू झाला. मुलींना गाडीत बसवायला शिपाई पुढं झाले. मी तिखटाच्या पोत्यांपाशी उभी होते. माझा मोबाइल पर्समध्ये होता आणि पर्स बाहेर गाडीत.

आणि उजव्या कानात, अगदी कानात, आवाज आला —

"मोटर बंद कर ना वं, मावशी."

मी किंचाळले. नक्की काय ओरडले ते मला आठवत नाही. मॅडम सांगतात की मी "मेन स्विच, मेन स्विच" असं ओरडत होते. प्रमोदभाऊ धावले आणि त्यांनी खटका ओढला. पंखा थांबला. शेडमध्ये एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत पोत्यांच्या थप्पीमागून नखं घासल्यासारखं खरखर... खरखर...

पोती ओढून काढली. मागं कमरेएवढं लोखंडी दार होतं, बाहेरून कडी लावलेलं. आत खिडकी नसलेली सामानाची खोली. सातवी मुलगी तिथं पडली होती. सात वर्षांची. ओठ फुटलेले, डोळे अर्धे उघडे. आदल्या संध्याकाळी तिनं पळायचा प्रयत्न केला म्हणून तिला कोंडलं होतं. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र तिनं काढली नसती.

ती वाचली. सुपरवायझर आणि मालक अटकेत आहेत, केस चालू आहे. सहा जणी आपापल्या घरी पोचल्या. छोटीच्या घरचा पत्ता लागायला वेळ लागला. तोवर ती बालगृहात होती. तिची भाषा येणाऱ्या एका नर्सला घेऊन मी तिला भेटायला गेले. फोनचं विचारलं. फोन तिच्याकडे नव्हता, कुणाकडेच नव्हता.

मग नर्सनं विचारलं, "आत एकटी असताना भीती वाटली का?"

मुलगी म्हणाली, एकटी नव्हते. एक ताई होती. अंधारात दिसत नव्हती, पण हात धरून बसली होती. हात गार होता. ती काय बोलायची ते कळत नव्हतं, पण सारखं तेच तेच बोलायची.

"काय बोलायची?"

मराठीचा एक शब्द न येणारी ती पोर माझ्याकडे बघत, संथपणे, एकही अक्षर न चुकता म्हणाली —

"थांब वं. मावशी येऊन राहिली."

मी तिथंच फरशीवर बसले.

नंतर मॅडमनी त्या खोलीची फरशी खोदून घेतली. काही मिळालं नाही. या कारखान्याच्या आधी ती जागा कुणाकुणाकडे भाड्यानं होती, त्यांतल्या अर्ध्यांचा पत्ताच नाही. मी प्रमोदभाऊंबरोबर एकदा दिवसाउजेडी तिथं जाऊन आले. दारात उभी राहून मोठ्यानं म्हटलं, "नाव सांग वं बाई, तुझ्या घरी सांगतो." उत्तर येईल या भीतीनं मला दरदरून घाम फुटला होता. उत्तर आलं नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. फोन अजूनही वाजला की आधी मी शेजारच्याला विचारते, "वाजला ना?"

गेल्या आठवड्यात मी पोलिसांकडे अर्ज दिला. या भागातून पूर्वी हरवलेल्या मुलींच्या जुन्या नोंदी तपासाव्यात म्हणून. वय अंदाजे आठ-नऊ लिहिलं. बोली, नरखेडकडची. नाव, माहीत नाही. खाली एक रकाना होता, 'माहिती कोणी दिली'. तो मी कोराच ठेवला आणि सही केली.