पाहुण्यांसाठी पिवळा गूळ

ब्लॉकचेन म्हणजे काय ते मी बोरगावच्या अख्ख्या शिवाराला समजावत फिरले, तेव्हा माझा तोरा बघण्यासारखा होता. बेळगावातल्या ज्या कंपनीत मी नोकरीला आहे, ती बिनरसायनाचा गूळ विकते. गुळात साखर मिसळणारे, पावडर टाकून रंग आणणारे इतके माजलेत की गिऱ्हाईकाचा कुणावरच विश्वास उरलेला नाही. म्हणून गुऱ्हाळात उतरलेल्या प्रत्येक काहिलीची, म्हणजे रस आटवायच्या कढईची, नोंद मोबाइलवर करायची: ऊस कुणाचा, गूळ कधी निघाला, तपासणीत काय आलं. ही नोंद एकाच वेळी कितीतरी संगणकांवर जाऊन बसते, मग ती कुणालाच खोडता येत नाही. पाकिटावरचा कोड मोबाइलवर घेतला की गिऱ्हाईकाला सगळं दिसतं, गुऱ्हाळवाल्याच्या फोटोसकट.

"तुला बी खोडता येणार न्हाय?" आप्पांनी विचारलं.

"मला काय, मालकाला बी न्हाय," मी म्हणाले आणि वडिलांचंच गुऱ्हाळ सगळ्यात आधी जोडून घेतलं.

आप्पांचा गूळ भेंडीच्या चिकानं मळी काढलेला, काळपट आणि लई गोड. पण आमच्याकडं काळा गूळ घरच्यांनी खायचा; पाहुण्यापुढं ठेवायचा तो पिवळाधमक. काळा ठेवला तर पाहुण्याचा मान राखला नाही असं होतं. लहानपणापासून बघितलेली ही गोष्ट मी कंपनीच्या नादात साफ विसरले.

गेल्या हंगामात बेंगळुरूचे साहेब लोक गुऱ्हाळ बघायला आले. लेकीचे साहेब येणार म्हणून आप्पांनी धुवट पटका बांधला होता; नोंदीतला त्यांचा फोटोही मी त्याच पटक्यात नव्यानं काढला. ताटात गुळाचे खडे आले ते पिवळेजर्द. मोठ्या साहेबांनी खडा पाण्यात विरघळवला, तपासणीची पट्टी बुडवली आणि पट्टीचा रंग बदलला.

त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. आप्पांनीही हसत कन्नडमध्येच सांगितलं, की तुम्ही पाहुणे म्हणून आजच्या काहिलीत चिमूटभर पावडर टाकली, विकायच्या गुळाला आम्ही ती शिवत नाही. कुणी हसलं नाही. मग आप्पांचा चेहरा उतरला. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर आप्पांचीच वाटली.

नोंद मलाच करायची होती. गुऱ्हाळ कंपनीसाठी बंद, काहील सदोष. खाली कारण लिहायचं होतं. साहेब माझ्या खांद्यावरून बघत होते. मी 'भेसळ' लिहिलं आणि बटण दाबलं.

साहेब गाडीकडं गेल्यावर आप्पा जवळ आले.

"पाहुण्यांच्यासाठी केलतं, ते लिहिलंस न्हवं?"

"तेवढं लिहायला जागा न्हाय त्यात, आप्पा."

"न्हाय व्हय? असू दे मग," ते म्हणाले आणि ताट उचलून आत घेऊन गेले.

जागा भरपूर होती. साहेबांच्या देखत ते लिहायची मला लाज वाटली. आज कुणीही ती नोंद उघडली, की पटका बांधलेले माझे आप्पा दिसतात आणि खाली मी लिहिलेला तो एकच शब्द.