नकाशावरचा पाऊस

आमच्या तालुक्याच्या गावाचं शाश्वत शहर करायला नेमलेला तज्ज्ञ माझ्या शेजारीच तळमजल्यावर भाड्याने राहतो. रस्त्यात खड्डा दिसला की तो “काका, हा डेटा हाय,” म्हणतो आणि फोटो काढून वळसा घालून जातो. नळाला पाणी कधी येणार हेसुद्धा तो संगणकाला विचारतो, समोरच्या वहिनींना विचारत नाही.

मागच्या महिन्यात त्याच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने पुराचा नकाशा काढला. ओढा बुजवून उभ्या राहिलेल्या नव्या व्यापारी संकुलामुळे आमची गल्ली बुडणार, म्हणून ती लाल दिसत होती. नगरपालिकेतल्या त्याच्या साहेबांना तो लाल रंग रुचला नाही. तेव्हा याने संगणकातला पाऊस कमी केला आणि गल्ली हिरवीगार झाली.

“काका, पेढे काढा! तुमचं घर वाचलं.”

“आणि खरा पाऊस?”

“तो कुठं आपल्या खात्यात येतो?”

मी पेढे दिले. त्याने दोन खाल्ले, बोटं रुमालाला पुसली आणि आवाज उतरवून विचारलं, “तुमची माडीवरची खोली रिकामी हाय ना, काका? पावसाळ्यापुरती द्या की.”